नागपूरच्या उन्हात जड लाकूड कसं वाळतं?

नागपूरच्या लकडगंजात आरामशिनी आणि लाकडाची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथे सागाचा बोलबाला असणं साहजिकच. मे 2023 मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनात नागपूरचा साग आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आलापल्लीच्या जंगलातला साग बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी निघाला. सुताराच्या हाताची खरी परीक्षा मात्र ऐन, धावडा, तिवस आणि बीजा घेतात.

वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो. ऐन 850 किलोच्या आसपास जातो आणि खानदेशाकडचा अंजन हजाराच्याही वर, म्हणजे पाण्यात टाकला तर बुडतो. तिवस आणि धावडा पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी, नांगर आणि कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी वापरले गेले, कारण दणका सोसणं हा त्यांचा गुण. हेच लाकूड वाळवताना घाई केली की फाटतं.

आणि घाई करायला नागपूरचा उन्हाळा टपलेलाच असतो. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. मे महिन्यात दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, ऑगस्टमध्ये ती 75-80 टक्क्यांवर असते. उन्हाळ्याच्या हवेत लाकडातला ओलावा हळूहळू 5-6 टक्क्यांकडे सरकतो, पावसाळ्यात 15-16 टक्क्यांकडे. ओल्या ओंडक्याचा वरचा थर झपाट्याने वाळतो आणि आकसू लागतो, आतला गाभा मात्र ओलाच असल्यामुळे जागचा हलत नाही. या ओढाताणीत चिरा पडतात. लाकूड जितकं घट्ट, तितकी आतली ओल बाहेर यायला वेळ लागतो आणि तितकाच हा धोका वाढतो.

म्हणून सगळं गणित तोडीपासून सुरू होतं. झाड हिवाळ्यात पाडलं तर वाळवणीचे पहिले आठवडे थंड हवेत जातात आणि कीडही कमी लागते. मात्र शेतातलं झाड स्वतःचं असलं तरी थेट कुऱ्हाड चालवता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, ऐन, तिवस, बीजा, खैर, अंजन अशी झाडं आहेत. त्यांच्या तोडीला आधी परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. जंगलातला माल वनखात्याच्या आणि वनविकास महामंडळाच्या आगारांतून लिलावाने मिळतो. 1974 साली स्थापन झालेल्या या महामंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे.

ओंडका ताब्यात आला की त्याच दिवशी त्याची दोन्ही तोंडं बंद करायची. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेने जातात, म्हणून कापलेल्या तोंडातून ओल बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने निघते. त्यावर डांबर किंवा वितळलेल्या मेणाचा जाड थर देतात. हाताशी काहीच नसेल तर शेण आणि चिकणमातीचा लेपही दिला जातो. फाटायला सुरुवात झालेल्या तोंडावर नंतर कितीही डांबर फासलं तरी गेलेली लांबी परत येत नाही.

चिरकाम ओलं असतानाच उरकावं. वाळलेला धावडा करवतीचे दात खातो. फळ्यांची थप्पी जमिनीपासून हातभर उंच, छपराखाली रचतात. प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या ठेवतात आणि त्या वरून खालपर्यंत एका ओळीत बसल्या पाहिजेत. एखादी पट्टी ओळीबाहेर गेली की त्या ठिकाणी फळी वाकते. वर वजनदार ठोकळे चढवतात. एप्रिल-मे मध्ये लू वाहणाऱ्या बाजूला पोत्यांचे पडदे सोडतात आणि पावसाळा लागला की तेच पडदे वर करतात, म्हणजे बुरशी धरत नाही. सालीजवळचा पांढरा भाग आधीच काढून टाकला तर घुणाला खायला फारसं उरत नाही.

वाळवण पुरी झाली की नाही हे वजनावरून ठरतं. थप्पीतल्या फळीचा मधला तुकडा कापून तोलायचा, मग 103 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत ठेवून पुन्हा तोलायचा. 600 ग्रॅमचा तुकडा 500 वर थांबला, तर घटलेले 100 ग्रॅम भागिले 500, म्हणजे ओलावा 20 टक्के. घरातल्या सामानासाठी तो 12 च्या आसपास आणावा लागतो. इंचभर जाडीच्या सागाला त्यासाठी काही महिने पुरतात, ऐन-धावड्याला त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

एवढी काळजी घेऊनही ऋतुमानाप्रमाणे फळी फुगते आणि आकसते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत काही मिलिमीटर. म्हणून जाणता सुतार दाराच्या चौकटीत बसवायची फळी चारही बाजूंनी खाचेत मोकळी ठेवतो, तिला सरस लावत नाही. मे महिन्यात ती बसवताना दोन्ही अंगांना पावसाळ्यापुरती फट सोडतो.