नवं कर्नल गेलं कुठे?

तासभर लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. स्क्रीनवरून हजारो ओळी सरकल्या, एरर एकही आली नाही. मशीन रीस्टार्ट केलं, धडधडत्या छातीने 'युनेम -आर' टाइप केलं, आणि समोर तोच कालचा आकडा! लिनक्सचं कर्नल स्वतः कंपाइल करणाऱ्याच्या वाट्याला ही संध्याकाळ कधी ना कधी येतेच. अशा वेळी हात आपसूक पुन्हा 'मेक'कडे वळतो. थांबा. कर्नल बहुधा नीट तयार झालंय आणि डिस्कवर कुठेतरी गुमान बसलंय. चुकलाय तो डिस्कपासून मेमरीपर्यंतचा रस्ता. त्या रस्त्यावर गमतीजमती मात्र खच्चून भरल्यात.

आकडा नको, शिक्का बघा

'युनेम -आर' फक्त आवृत्ती सांगतं. तुम्ही तोच सोर्स एखादा पर्याय बदलून पुन्हा कंपाइल केला असेल, तर आकडा बदलणारच नाही. म्हणजे नवं कर्नल मजेत चालू असतं आणि आपण ते हरवलं म्हणून शोधत बसतो! खरी ओळख 'युनेम -व्ही'मध्ये असते. तिथे '#7' असं काहीतरी दिसतं आणि शेजारी तारीख-वेळ. सात म्हणजे त्या सोर्स फोल्डरमधली सातवी खेप. ही मोजणी 'डॉट व्हर्जन' नावाच्या एका इवल्याशा फाइलमध्ये ठेवलेली असते. आणखी खोलात जायचं तर 'प्रॉक' फोल्डरमधली 'व्हर्जन' फाइल वाचा. कर्नल कोणत्या युजरने, कोणत्या मशीनवर, कुठल्या कंपायलरने बांधलं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. तिथे तुमचं नाव नसेल, तर चालू आहे ते कर्नल तुमचं नाही.

याहून सोपा उपाय म्हणजे 'लोकलव्हर्जन' या पर्यायात आकड्याला आपलं शेपूट जोडायचं. रोमन अक्षरांत '-हापूस' लिहिलंत तरी चालतं. आवृत्तीचं अख्खं नाव 64 अक्षरांत बसलं की झालं. कधीकधी आकड्यामागे आगंतुक '+' दिसतो. त्याने दचकू नका. गिटमधला सोर्स अधिकृत आवृत्तीच्या खुणेपासून हलला आहे, एवढंच तो सांगतो.

जुना वेश घालणारं कर्नल

2.6 ही मालिका 2003 च्या डिसेंबरात सुरू झाली आणि 2011 साली 2.6.39 ला थांबली. पुढची आवृत्ती थेट 3.0. इतकी वर्षं '2.6' वाचायची सवय लागलेले काही प्रोग्रॅम तो नवा आकडा पाहून अडखळले. मग कर्नलमध्येच एक सोय केली गेली: एखाद्या प्रोग्रॅमपुरतं सांगितलं, तर 3.1 हे कर्नल स्वतःची ओळख 2.6.41 अशी करून देतं. तेव्हा 2.6.39 च्या पुढचा आकडा कुठे दिसलाच, तर समोर नव्या जमान्याचं कर्नल आहे हे ओळखा. आणि हो, कर्नल लिहिणाऱ्या याच मंडळींनी 2013 साली 3.11 आवृत्तीचं नाव ठेवलं होतं 'लिनक्स फॉर वर्कग्रुप्स'. विंडोजची 3.11 ज्यांनी वापरली, त्यांना त्या नावातली गंमत लगेच कळली.

बीझेड म्हणजे काय नव्हे

तयार कर्नलच्या फाइलचं नाव 'बीझेडइमेज'. यातला 'बी' हा 'बिग'चा. 'बीझिप' या आकुंचन पद्धतीशी त्याचा काही संबंध नाही. जुनी 'झेडइमेज' मेमरीच्या खालच्या 640 किलोबाइटांत मावावी लागे. कर्नल फुगत गेलं, तशी मोठी आवृत्ती आली. घोटाळा होतो तो असा: सोर्स फोल्डरच्या अगदी वर 'व्हीएमलिनक्स' नावाची धिप्पाड फाइल असते. नवखा माणूस तीच उचलून बूट फोल्डरमध्ये टाकतो. एक्स-86 मशीनवर हवी असते ती 'आर्च' फोल्डरच्या पोटातली, दाबून लहान केलेली फाइल. शेवटी 'झेड' असलेलं 'व्हीएमलिनझ' हे नाव तिचंच.

दोन बूट, एक दिसतं

मला सगळ्यात आवडणारी चूक ही. भिंतीतल्या कोनाड्यात वस्तू ठेवावी आणि वरून तसबीर टांगावी, तसा प्रकार. काही मशीनवर बूट फोल्डरसाठी वेगळं पार्टिशन असतं आणि ते नेहमी माउंट केलेलं नसतं. जेन्टू लिनक्स वापरणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. माउंट न करता 'मेक इन्स्टॉल' केलं, तर नवं कर्नल मुख्य पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये जातं. कर्नल उचलणारा बूटलोडर वाचतो खऱ्या पार्टिशनमधून, तिथे जुनंच बसलेलं. मग आपण शोधायला म्हणून पार्टिशन माउंट करतो, तर नवी फाइल त्याच्याखाली झाकली जाते! दिसतच नाही, म्हणजे बनलीच नसणार, असं वाटून माणूस पुन्हा तासभर कंपाइल करत बसतो. अशा वेळी 'फाइंडमाउंट' चालवून बूट फोल्डरवर काय बसलंय ते आधी विचारा.

रास्पबेरी पायवर याचाच चुलतभाऊ भेटतो. तिथे कर्नल फॅट पार्टिशनवर राहतं. तिथल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या 2023 मधल्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून ते पार्टिशन बूटच्या आत 'फर्मवेअर' नावाच्या फोल्डरवर माउंट होतं. जुनी माहिती वाचून फाइल थेट बूटमध्ये टाकली, की पाय तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

लायलोची अडखळणारी अक्षरं

पूर्वी बूटलोडर म्हणजे लायलो. बूट होताना तो स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर छापत पुढे सरके. 'एल आय' वर थांबला, तर तो नेमका कोणत्या टप्प्यावर अडकला ते जाणकार सांगत. लायलोला फाइलचं नाव समजत नसे, फक्त डिस्कवरची तिची जागा पाठ असे. म्हणून कर्नल बदललं की 'लायलो' ही आज्ञा पुन्हा चालवावीच लागे. विसरलात, की जुनंच कर्नल उठायचं किंवा काहीच उठायचं नाही.

आजचा बूटलोडर ग्रब फाइल सिस्टम वाचतो, पण मेन्यू मात्र तयार करून द्यावा लागतो, जसं उबंटूवर 'अपडेट-ग्रब' चालवून. तरीही एक फसगत उरतेच. ग्रब सगळ्यात मोठी आवृत्ती वर ठेवतो. मशीनवर 6.8 आधीपासून आहे आणि तुम्ही हौसेने 6.1 बांधलंत, तर दर वेळी 6.8 च उठणार. तुमचं कर्नल 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'च्या आत वाट पाहत असतं. शिवाय इथे 6.10 हे 6.9 पेक्षा मोठं. शाळेतला दशांश चिन्हाचा नियम विसरायचा. मेन्यू दिसत नसेल, तर जुन्या बायोसवर शिफ्ट आणि यूईएफआयवर एस्केप दाबून बघा.

कर्नल तुमचं नव्हेच

डॉकर कंटेनरमध्ये बसून हवी तितकी कर्नलं बांधा, चालणार ते यजमान मशीनचंच. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतंच. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएल-2 मध्ये खरं लिनक्स कर्नल चालतं, पण ते लिनक्सच्या बूट फोल्डरमधून येत नाही. विंडोजच्या युजर फोल्डरमधल्या 'डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग' फाइलमध्ये पत्ता द्यावा लागतो, तोही प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा लिहून. नुसती खिडकी बंद करून उघडल्याने काही होत नाही. 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करावंच लागतं.

उठलं, पण कोसळलं

'अननोन-ब्लॉक (0,0)' म्हणत कर्नल पॅनिक झालं, तर एका अर्थी अभिनंदन! नवं कर्नल उठलं आहे. त्याला फक्त डिस्क सापडत नाहीये. बहुतेकदा इनिटरॅमएफएस बनवायचं राहिलेलं असतं किंवा डिस्कचा ड्रायव्हर निवडलेला नसतो. वायफाय तेवढं गायब असेल, तर 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आठवा. सहीबद्दल तक्रार आली, तर सिक्युअर बूट चालू आहे असं समजा. त्याला तुमच्या कर्नलवर ओळखीची सही हवी असते.

1991 साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स यांनी 0.01 आवृत्ती बाहेर काढली, तेव्हा कोड होता सुमारे 10 हजार ओळींचा. कीबोर्डची मांडणीही फिनिश, तीसुद्धा कोडमध्येच कोरलेली! दुसरी हवी असेल तर कर्नल पुन्हा कंपाइल करायचं. आज ओळी 3 कोटींच्या वर आहेत आणि कीबोर्ड सेटिंग्जमधून बदलतो. तरीही स्वतः बांधलेलं कर्नल उठताना पाहण्याचा आनंद मला आजही तितकाच मोठा वाटतो.

फक्त एवढं करा. ते उठेपर्यंत जुनं पुसू नका. फ्रीबीएसडी जुनं कर्नल 'कर्नल डॉट ओल्ड' नावाने आपणहून जपून ठेवतं. लिनक्सवर ग्रबच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट'ला 'सेव्ह्ड' लिहा आणि 'ग्रब-रीबूट' वापरा. नवं कर्नल एकदाच उठेल. बिनसलं, तर पुढच्या रीस्टार्टला जुनं पुन्हा हजर असेल.