माळ्यावरच्या फिती आणि घरातले तीन टी.व्ही.

व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर बनवणारी जगातली शेवटची कंपनी म्हणजे जपानची फुनाई. तिने जुलै २०१६ मध्ये ते यंत्र बनवणे थांबवले. बातमी तेव्हा कुणी फारशी मनावर घेतली नाही. पण ज्या मराठी घरांनी १९८० आणि ९० च्या दशकांत नॉटिंगहॅम, बीस्टन, वेस्ट ब्रिजफर्ड भागात संसार मांडले, त्यांच्या माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींचे एक तरी खोके असतेच. त्यात बारशी, मुंजी, भाड्याच्या हॉलमधला गणपती, पुण्या-मुंबईहून पोस्टाने आलेली भावंडांची लग्ने, आणि दिवाळीची नाटुकली, ज्यांत आजचे डॉक्टर नि अकाउंटंट मावळ्याच्या वेषात भोकाड पसरताना दिसतात.

खोके वर आणि टी.व्ही. खाली, अशी परिस्थिती. त्यातून टी.व्ही.ही आता एक राहिला नाही. दिवाणखान्यात एक, आजी-आजोबांच्या खोलीत एक, मुलांकडे एक. खोक्यातला ऐवज या तिन्ही पडद्यांवर रिमोटच्या दोन-तीन बटणांत आणता येतो. त्यासाठी घरातच एक लहानसा सर्व्हर उभारावा लागतो. आम्ही काही स्वयंसेवकांनी गेल्या वर्षभरात सभासदांच्या घरी हे काम केले. सर्व्हरचे काम एका शनिवारचे आहे आणि ते पुढच्या वर्षी केले तरी चालेल. फितींचे काम मात्र थांबण्यासारखे नाही. म्हणून आधी फितींविषयी.

फितीचा पाया पॉलिएस्टरचा असतो. (हे पॉलिएस्टर १९४१ मध्ये इथेच लँकेशायरमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी शोधले, म्हणजे आपल्या लग्नाच्या फितीचे आजोळ फार दूर नाही.) पाया टिकाऊ आहे. दुखणे त्याच्यावरच्या थरात आहे. तिथे लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कण पॉलियुरेथेनच्या बंधकाने चिकटवलेले असतात. हवेतले बाष्प या बंधकातले एस्टर बंध हळूहळू तोडत राहते. बंधक चिकट होतो, कण सुटू लागतात, आणि कणांबरोबर चित्रही जाते. इंग्लंडमधला माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी नि हिवाळ्यात ओल, याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. अशा फितींचे आयुष्य साधारण १० ते ३० वर्षे धरतात. १९९४ च्या गणपतीची मुदत त्या हिशेबाने केव्हाच उलटली आहे.

ज्यांनी २००० नंतर फिती डीव्हीडीवर उतरवून घेतल्या, त्यांनीही निर्धास्त राहू नये. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि तो काळाने व उजेडाने विटतो. त्याही तबकड्या आता संगणकावर घ्याव्यात. चिकट झालेली फीत ओव्हनमध्ये मंद भाजून तात्पुरती सुधारते, असे कुणी सांगेल. त्यात तथ्य आहे, पण ते काम नेमके तापमान राखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनचे. स्वयंपाकघरातल्या ओव्हनात ढोकळा करावा.

इथल्या टी.व्ही.वाल्यांच्या फिती कुणीतरी सांभाळते. लेंटन लेनवरचा सेंट्रल टेलिव्हिजनचा स्टुडिओ २००५ मध्ये बंद झाला, पण त्या वाहिनीच्या जुन्या चित्रफिती जपण्यासाठी लिंकन विद्यापीठात मीडिया अर्काइव्ह फॉर सेंट्रल इंग्लंड ही संस्था आहे. आपल्या हॉलमधल्या आरतीचे संग्रहालय म्हणजे आपला माळा!

आता कृती. फीत खाली आणल्यावर एक दिवस राहत्या खोलीत ठेवावी. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. पावसाळे पाहून भारतातून आलेल्या कॅसेटींवर ती हमखास असते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये, कारण यंत्रातून ती पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. बाकीच्या फिती एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळाव्यात, मग लावाव्यात. आपल्याला एक सोय आहे. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे पाल पद्धत, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. त्यामुळे दादरला भरलेली कॅसेट इथल्या यंत्रावर बिनतक्रार चालते. न्यूजर्सीच्या मावशीकडून आलेली असेल तर ती एनटीएससी, तिला दोन्ही पद्धती जाणणारे यंत्र लागेल.

व्हीसीआरच्या स्कार्ट सॉकेटमधून तारा काढून यूएसबीच्या एका छोट्या कॅप्चर डबीत आणि तिथून लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपवर ओबीएस हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. त्यात सेकंदाला ५० चित्रे आणि डीइंटरलेसिंगमध्ये यादिफ २एक्स एवढे निवडावे. हे केले नाही तर लेझीम खेळणाऱ्या मुलींच्या हातांना कंगव्याचे दात फुटलेले दिसतात. चित्राची रुंदी-उंची ४:३ ठेवावी. नव्या रुंद पडद्यावर ताणले की सगळ्या माम्या-मावश्या उगीचच जाड होतात.

तीन तासांची फीत उतरायला तीनच तास लागतात, त्याला जवळची वाट नाही. अनेकांना हा वेळ फुकट वाटतो. आमचे म्हणणे उलट आहे. त्या तीन तासांत घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे आणि वही घ्यावी. मांडवात डावीकडे उभे ते कोण, पाळणा म्हणताहेत त्या कुठल्या काकू, हॉल कुठला होता, हे सांगणारी माणसे आज आहेत. एका घरी आजोबांनी एका बारशाच्या फितीतली एकवीस माणसे नावानिशी सांगितली. मुलाला त्यातली चार माहीत होती. फीत वाचली आणि नावे गेली, तर उरतो तो अनोळखी लोकांचा समारंभ.

जागा किती लागते? सेकंदाला ४ मेगाबिट या हिशेबाने एक तासाला १.८ गिगाबाइट. शंभर कॅसेटी तीन-तीन तासांच्या धरल्या तरी ५४० गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये सगळे मावते.

सर्व्हरसाठी नवे काही घ्यायलाच हवे असे नाही. ऑफिसांतून निघालेला जुना छोटा संगणक चालतो. नवीनच घ्यायचा तर इंटेल एन१०० जातीचा मिनी पीसी घ्यावा. तो अखंड चालू ठेवून सरासरी १० वॅट खातो असे मानले, तर वर्षाला सुमारे ८८ युनिट, आणि युनिटला २५ पेन्स धरल्यास बावीस पौंड. त्यावर जेलीफिन घालावे. हा प्रोग्राम डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीपासून फुटून निघाला आणि पूर्ण मोफत आहे. प्लेक्स दिसायला अधिक देखणा, पण एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून पाहण्यासाठी तो पैसे मागतो. आमचा कौल जेलीफिनला.

जेलीफिनला फोल्डर दाखवताना जात 'होम व्हिडिओ' अशीच निवडावी. 'चित्रपट' निवडले तर तो इंटरनेटवर शोधाशोध करून 'लग्न १९९१' या फायलीला भलत्याच सिनेमाचे पोस्टर चिकटवतो. फायलींची नावे देवनागरीत खुशाल लिहावीत. साल आधी लिहिले की क्रम आपोआप लागतो: '१९९४ गणपती', '१९९६ मुंज'. फायली एच.२६४ प्रकारच्या असतील तर टी.व्ही. त्या स्वतःच उलगडतो आणि सर्व्हरला नुसते पुरवठ्याचे काम उरते. तिन्ही टी.व्ही. एकदम चालले तरी १२ मेगाबिटच होतात.

अडचण येते ती भिंतींची. लेंटन किंवा शेरवुडमधल्या जुन्या विटांच्या घरांत, त्यातही मध्ये धुराड्याची भिंत असेल तर, वायफाय वरच्या मजल्यावर धापा टाकते. सर्व्हर राउटरला केबलनेच जोडावा. लांबच्या खोलीसाठी विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे अडॅप्टर वापरून पाहावेत. काही घरांत ते उत्तम चालतात, काही घरांत अजिबात नाही. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, नाहीतर वीज जाऊन आली की टी.व्ही.ला सर्व्हर सापडत नाही आणि फोन आम्हाला येतो. टी.व्ही.वर जेलीफिनचे ॲप घालावे, जुन्या टी.व्ही.ला फायर स्टिक किंवा रोकू लावावा. आजी-आजोबांच्या टी.व्ही.वर त्यांचे वेगळे खाते काढून त्यात फक्त घरच्या फिती ठेवाव्यात. पासवर्ड विचारला जाणार नाही असे करावे. त्यांना कुणाला हाक न मारता नातवाचे बारसे लावता आले, तरच काम झाले असे आम्ही समजतो.

पुण्याच्या आत्यालाही दाखवायचे असेल तर राउटरचे दार इंटरनेटला उघडून ठेवू नये. टेलस्केलसारखी खासगी जोडणी वापरावी.

आता कायदा. घरच्या फिती आपल्याच. विकत घेतलेल्या नाटक-सिनेमांच्या डीव्हीडीचे तसे नाही. स्वतःपुरती प्रत काढण्याची मुभा इथे १ ऑक्टोबर २०१४ ला मिळाली होती, ती जुलै २०१५ मध्ये हायकोर्टाने रद्द केली. तेव्हा त्या डीव्हीडी प्लेयरवरच बघाव्यात. आणि मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांत इतरांची मुले दिसतात, तर ती चित्रे यूट्यूबवर टाकण्याआधी विचारावे. जाता जाता, नुसत्या स्वतःच्या फिती पाहायला टी.व्ही. लायसन्स लागत नाही. थेट प्रक्षेपण किंवा आयप्लेयर पाहिले की लागते.

डिस्कही मरते, न सांगता. सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरात, शक्यतो भारतातल्या भावंडाकडे ठेवावी. मूळ फिती टाकू नयेत, फक्त माळ्यावरून उतरवून कपाटात उभ्या ठेवाव्यात.

मंडळाकडे चालू स्थितीतला एक व्हीसीआर आणि दोन कॅप्चर डब्या आहेत. त्या प्रत्येक घराला पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने मिळतील. यादी पुढच्या कार्यक्रमाला चहाच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांच्या घरी वयस्कर मंडळी आहेत त्यांचा नंबर आधी. कॅसेटींवर नाव आणि साल लिहून आणावे, आणि बुरशी लागलेल्या कॅसेटी कृपया वेगळ्या पिशवीत आणाव्यात.