विश्लेषण : सर्व्हर ‘पास’, तरी डोंबिवलीकराचा फॉर्म का अडतो?

ठाण्याचा पिनकोड ४००६०१, डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१. जिल्हा एकच, लोकलची लाइन एकच. पण मालिका वेगळ्या. समजा, एखाद्या ऑनलाइन अर्जात ‘पिनकोड ४०० नेच सुरू व्हावा’ अशी अट कोणी जावास्क्रिप्टमध्ये लिहिली. ठाणेकराचा अर्ज जाईल, डोंबिवलीकराला ‘चुकीचा पिनकोड’ दिसेल. जावातील सर्व्हरच्या चाचण्या मात्र पास असतील. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे अर्ज सर्व्हरपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

चूक आधी का सापडत नाही?

युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या लहान तुकड्याला ठरावीक माहिती देऊन अपेक्षित उत्तर येते का, हे पाहणे. जावा प्रकल्पात मेव्हन हे साधन अशा चाचण्या घेऊन मगच जार फाइल बांधते. पण आपणहून त्याला जावाच्याच चाचण्या कळतात. जावास्क्रिप्टच्या चाचण्या वेगळ्या आज्ञेने चालवाव्या लागतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी कल्याण लोकल गाठायच्या घाईत नेमके तेच राहते.

दोन्ही एकत्र कसे चालवतात?

पूर्वी जावाच्या पोटातच जावास्क्रिप्ट चालवली जाई. त्यासाठीचे नॅशहॉर्न इंजिन २०१४ मध्ये जावा ८ बरोबर आले आणि २०२० मध्ये जावा १५ मधून काढले गेले. पडद्याविना चालणाऱ्या फँटमजेएस या ब्राउझरचे काम २०१८ मध्येच थांबले. आता ‘फ्रंटएंड मेव्हन प्लगइन’ रुळले आहे. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची ठरवून दिलेली आवृत्ती ते प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच उतरवते आणि एनपीएमची चाचणी-आज्ञा चालवते. एक जरी चाचणी नापास झाली, तरी ती आज्ञा शून्याऐवजी दुसरा आकडा परत देते आणि मेव्हन बिल्ड थांबवतो. ४२१२०१ टाकून पाहणारी तीन ओळींची चाचणी असती, तर जार तयारच झाली नसती.

ग्यानबाची मेख कुठे?

हे प्लगइन एनपीएमची पायरी मुळात बऱ्याच आधीच्या टप्प्यात चालवते. ती ‘टेस्ट’ टप्प्याला आपण बांधावी लागते. काही साधने फाइल बदलण्याची वाट पाहत ‘वॉच’ अवस्थेत बसून राहतात आणि बिल्ड लटकतो. ‘एकदाच चालव आणि थांब’ असे त्यांना सांगावे लागते. सर्वांत घातक म्हणजे ‘स्किपटेस्ट्स’. तो पर्याय लावला की त्या टप्प्यातील दोन्ही भाषांच्या चाचण्या वगळल्या जातात. बिल्ड तरीही हिरवाच दिसतो. लॉगमध्ये ‘टेस्ट्स आर स्किप्ड’ एवढी ओळ तेवढी उमटते.