कॅमेऱ्यांची जोडी

२००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत पाळतीच्या कॅमेऱ्यांचे मोठे जाळे उभारले गेले. आपल्या ढोकीच्या चौकात अशी एक जोडी बसवली आहे असे समजू. एक कॅमेरा स्थिर. त्याला सारा चौक दिसतो, पण चेहरे ओळखू येत नाहीत. दुसरा मान वळवणारा. तो एकच चेहरा जवळ आणतो. पहिल्याने एखादा इसम हेरला, तर दुसऱ्याने वळावे कोठे?

त्यासाठी सपाट जमिनीवर निदान चार खुणा घेतात. त्यांतल्या कोणत्याही तीन एका रेषेत नकोत. प्रत्येक खूण पहिल्याच्या चित्रात कोठे पडते आणि ती मध्यभागी आणण्यास दुसऱ्याला किती अंश वळावे-झुकावे लागते, हे टिपतात. त्यावरून उरलेल्या जमिनीचे गणित बसते.

खरी मेख पुढेच आहे. एक डोळा मिटून बोटाकडे पाहा, मग दुसरा मिटून पाहा. बोट सरकल्यासारखे वाटते ना? दोन खांबांवरून माणसाचे डोकेही असेच सरकते. म्हणून आधी पावलांवर नेम धरायचा, उंची नंतर. येथे चुकले तर शेजारच्या निरपराध माणसाचा चेहरा टिपला जातो, आणि तो इतका स्वच्छ येतो की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. खांब जरासा कलला, तरी सारी जुळणी पुन्हा करावी लागते.