मोटारीचें बळ : कुपींतलें आणि इंजिनांतलें

मुंबई-गोवा महामार्ग आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत चौपदरी झाल्यापासून घरोघरच्या तरुण मंडळींच्या बोलण्यांत एक नवा विषय शिरला आहे. गाडी घेतली, हप्ते सुरू झाले. आतां तिचें बळ कसें वाढवावें? या प्रश्नास दोन उत्तरें सांगितलीं जातात. नायट्रस ऑक्साइड नांवाच्या वायूची कुपी बसवावी हें एक, आणि इंजिनांतच सुधारणा करावी हें दुसरें. पैसा घरच्या सामाईक पेटींतून जाणार आणि त्या गाडींत म्हातारींकोतारीं व मुलेंबाळें बसणार, तेव्हां हा विषय एकट्या तरुणांचा राहत नाहीं. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

इंजिनाचें बळ पेट्रोलांत असतें ही समजूत अर्धीच खरी आहे. चुलींत लांकडें कितीहि कोंबलीं तरी फुंकणीनें वारा घातल्यावांचून जाळ होत नाहीं. इंजिनाचेंहि तसेंच. पेट्रोल हवें तितकें सोडतां येतें. अडतें तें प्राणवायूपाशीं. बळ वाढविण्याच्या बहुतेक युक्त्या म्हणजे नळकांड्यांत अधिक प्राणवायु पोंचविण्याच्या युक्त्या होत.

नायट्रस ऑक्साइड हा जुना वायु. प्रीस्टले यानें तो १७७२ सालीं तयार केला. १७९९ च्या सुमारास ब्रिस्टल येथें हंफ्री डेव्हीनें तो स्वतः हुंगून पाहिला आणि त्यास हंसूं आवरेना; तेव्हांपासून तो हास्यवायु झाला. (समास मध्यमपदलोपी घ्यावा : हास्योत्पादक वायु.) पुढें १८४४ त हॉरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्यानें वेदना न होतां दांत काढण्यासाठीं तो वापरला. मोटारवाल्यांस त्याचें महत्त्व निराळ्या कारणानें आहे. वातावरणांतील हवेंत वजनानें प्राणवायु सुमारें २३ टक्के असतो, या वायूंत ३६ टक्के. इंजिनाच्या उष्णतेंत त्याचें विघटन होऊन तो प्राणवायु मोकळा होतो. शिवाय हा द्रव उणे ८८ अंशांवर उकळतो. त्यामुळें बाहेर पडतांच आंत जाणारी हवा थंड होऊन दाट होते. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं अतिउंचावरील विरळ हवेंत आपल्या विमानांस कांहीं मिनिटें अधिक जोर मिळावा म्हणून हाच वायु इंजिनांत सोडला होता.

‘कांहीं मिनिटें’ हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. साडेचार किलोच्या कुपींतून १०० अश्वशक्तींची भर घेतली तर ती ढोबळमानानें दोन मिनिटांत रिती होते. ५० ची घेतली तर चार मिनिटांत. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरांच्या, सरळ शर्यतीस तें पुष्कळ झालें. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत, आणि तेथें या कुपीस स्थान आहे. घाटास मात्र वीस मिनिटें लागतात. कुपी संपली कीं पुन्हां भरून आणणें आलें, आणि ती भरून मिळण्याची सोय आमच्या वाडीच्या नाक्यावर नाहीं. हें शुद्ध ऋण काढून सण करणें झालें.

त्यांतहि वायूबरोबर पेट्रोलाचें प्रमाण वाढलें पाहिजे. तें कमी पडलें तर ज्वलन अतितप्त होऊन पिस्टनचा माथा वितळतो. आणखी एक गोष्ट आमच्या किनाऱ्यापुरती विशेष आहे. हा वायु ३६ अंशांच्या थोडें वर गेला कीं दाब कितीहि दिला तरी द्रवरूप राहत नाहीं, आणि कुपींतील दाब झपाट्यानें चढतो. वैशाखांत बंद करून उन्हांत ठेवलेल्या गाडीची डिकी किती तापते हें आम्हां कोंकणवासीयांस कोणी सांगावयास नको.

इंजिनांतील सुधारणेचे प्रकार अनेक आहेत. त्यांत मुख्य म्हणजे टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुरानेंच एक चक्र फिरवून त्याच्या योगें आंत दाबानें हवा भरावयाची, ही कल्पना स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ च्या पेटंटांत आहे. मुळांतच टर्बो असलेल्या गाडीच्या संगणकांतील आज्ञावली बदलून हवेचा दाब व इंधन वाढवितात. तिनें चौथा-पांचवा हिस्सा बळ वाढूं शकतें. ज्या साध्या पेट्रोल गाडींत टर्बो नाहीं तींत या उपायानें फारसें कांहीं हातीं लागत नाहीं. हें बळ कुपीसारखें संपत नाहीं हा त्याचा गुण. पण क्लच, गिअरपेटी व इंजिन यांवरील वाढलेला ताणहि संपत नाहीं. निवडच करावयाची तर रस्त्यासाठीं आम्ही इंजिनाच्या बाजूनें मत देऊं. परंतु त्याआधीं एक हिशेब करून पाहावा.

फोंडा, करूळ, आंबोली, कोणत्याहि घाटानें देशावर चढतांना ५००-६०० मीटर उंची गांठावी लागते. आंबोली तर समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर. गाडी, पांच माणसें व सामान मिळून १३०० किलो धरूं. तेवढें वजन ६०० मीटर उचलण्यास सुमारें ७६ लाख ज्यूल ऊर्जा लागते. वीस मिनिटांनीं ती भागिली तर येतात साडेआठ अश्वशक्ति! चाकांचें घर्षण, हवेचा अडथळा, आंतील थंडावा देणारें यंत्र हें सर्व मिळवून आणि तीव्र चढाची गरज दुप्पट-तिप्पट धरूनहि आंकडा पंचविसाच्या आसपास राहतो. माथ्यावरील विरळ हवेनें इंजिनाचें सात-आठ टक्के बळ घटतें, तेंहि वजा करा. आजच्या एक लिटरच्या लहान गाडीची शक्ति पासष्टांच्या वर असते. मग गाडी दमते कां?

आमचा एक पुतण्या कोल्हापुरास नोकरीस आहे. “काका, पांच माणसें बसलीं कीं गाडी घाटांत मरते, कुपी बसवितों,” असें तो गेल्या दिवाळींत म्हणाला. आम्हीं विचारलें, “चढ कोणत्या गिअरांत घेतोस?” “तिसऱ्या.” तेथेंच मर्म होतें. पासष्ट अश्वशक्ति हें बळ इंजिन मिनिटास पांच-साडेपांच हजार फेरे घेतें तेव्हांचें. दीड हजार फेऱ्यांवर त्याच इंजिनांतून पंधरा-वीसच मिळतात. दुसरा गिअर टाकला कीं फेरे वाढतात आणि निजलेलें बळ जागें होतें. इंजिन ओरडतें म्हणून भिण्याचें कारण नाहीं. पुढें गाडी कारागिराकडे नेली तों हवेची गाळणी जांभ्याच्या तांबड्या धुळीनें बुजलेली, आणि चाकांतील हवाहि कमी. गाळणी बदलण्याचा खर्च कुपीच्या खर्चापुढें मोजण्याजोगाहि नव्हता.

चढतांना इंजिनानें जे ७६ लाख ज्यूल खर्चिले ते बहुतेक सर्व उतरतांना ब्रेकांस गिळावे लागतात. तेथें कुपी कामाची नाहीं, टर्बोहि नाहीं. खालच्या गिअरांत उतरून त्यांतील पुष्कळसा भार इंजिनावर टाकणें हाच उपाय. ब्रेकचा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो आणि मग लवकर उकळतो. आमच्या दमट किनाऱ्यावर तो दर दोन वर्षांनीं बदलणें बरें. बळ वाढविण्यास निघालेले किती जण हा द्रव तपासतात, कोण जाणे.

कायद्याचेंहि पाहिलें पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. न कळविलेल्या फेरफाराचें निमित्त सांगून विमा कंपनी भरपाई नाकारूं शकते. आणि अपघात झालाच तर तो बोजा गाडीवाल्या तरुणावर नव्हे, साऱ्या घरावर पडतो.

पुतण्यानें कुपीचा नाद सोडला आहे. पुढील गाडी टर्बोची घेऊन तिची आज्ञावली बदलण्याविषयीं मात्र त्याचें व आमचें अद्याप जुळलेलें नाहीं. आमचें म्हणणें, कारखान्यांतूनच अधिक बळाची येते ती घ्यावी. त्याचें म्हणणें, ती महाग पडते. तूर्त आहे त्या गाडीचे ब्रेकचे पॅड व द्रव चतुर्थीस घरीं येण्यापूर्वीं बदलावयाचे, एवढें ठरलें आहे.