व्हॅलेंटाइनच्या संध्याकाळी कोणती वाइन?

१४ फेब्रुवारीला फ्रेंच बाटलीच हवी असं काही नाही. नाशिकच्या मळ्यांत याच दिवसांत द्राक्षतोडणी चालू असते आणि तिथली वाइन आपल्या जेवणाशी छान जमते.

🥂 सुरुवातीला: ब्रूट स्पार्कलिंग. गोडवा अगदी कमी, त्यामुळे खारे काजू किंवा कोळंबी फ्रायसोबत मस्त. ६ ते ८ अंशांवर, म्हणजे चांगली गार करूनच उघडा.

🌶️ तिखट जेवण असेल तर: किंचित गोडसर शेनिन ब्लांक. तिखटाची धार हा गोडवाच बोथट करतो. जास्त अल्कोहोलची रेड उलट जिभेची आग वाढवते.

🍷 मटण किंवा कबाब: शिराझ. आपल्याकडच्या उकाड्यात रूम टेंपरेचर म्हणजे फारच गरम, म्हणून २०-२५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. १६-१८ अंश पुरेत.

🍫 चॉकलेट: इथे बहुतेकांची फसगत होते. गोडापुढे ड्राय रेड आंबट-कडू लागते. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, तेव्हा लेट हार्वेस्ट निवडा.

७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात; दोघांना एक बाटली भरपूर. आणि हो, परतताना गाडी कॅबवाल्यालाच चालवू द्या!

तुमच्या मेन्यूत काय आहे? कमेंटमध्ये सांगा, जोडी सुचवतो. 😊