हातावरील काळी खपली : वेळीच ओळखा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात असंख्य कुटुंबांचा संसार पशुधनावर चालतो. प्रवरा-गोदावरीकाठी दुभती जनावरे आहेत, तर अवर्षणप्रवण भागात दख्खनी मेंढ्यांचे कळप. या जनावरांची निगा राखणाऱ्या हातांना क्वचित, परंतु गंभीर असा एक त्वचारोग होऊ शकतो. तो म्हणजे सांसर्गिक काळपुळी, अर्थात अँथ्रॅक्स. गुरांतील या रोगास ‘फाशी’ असेही म्हणतात.

या रोगाच्या जंतूचे जीवनचक्र रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. मृत जनावराचे रक्त हवेच्या संपर्कात आले की जंतू कठीण कवचाचे बीजाणू बनतात आणि मातीत अनेक दशके टिकून राहतात. चरणाऱ्या जनावरांना त्यांचीच बाधा होते. मृत जनावर सोलताना, कापताना किंवा दूषित कातडे व लोकर हाताळताना हे बीजाणू माणसाच्या त्वचेत शिरतात. त्यासाठी बोटावरचा लहानसा ओरखडाही पुरतो. मग माणूस कितीही धडधाकट असो. ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या, कोरापुट जिल्ह्यात असे रुग्ण वारंवार आढळले आहेत.

संसर्गानंतर साधारणतः १ ते ७ दिवसांत किडा चावल्यासारखी खाजरी पुळी उठते. तिचा फोड होतो, भोवती सूज येते आणि मध्यभागी काळी खपली धरते. ही खपली बहुधा दुखत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. दुखत नाही म्हणून रुग्ण दवाखान्यात जात नाही. उपचाराअभावी १०० पैकी १० ते २० रुग्ण दगावू शकतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास मृत्यू क्वचितच ओढवतो. खपली कापू अगर पिळू नये. औषधानंतरही ती काही दिवस राहते. म्हणून उपचार मध्येच सोडू नयेत. जनावरांशी आलेला संबंध डॉक्टरांना आवर्जून सांगावा. माणसापासून माणसाला हा रोग सहसा होत नाही. तेव्हा रुग्णाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

जनावर अचानक दगावले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर ते फाडू नये, सोलू नये, त्याचे मांस खाऊ नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ते जाळावे किंवा सुमारे ६ फूट खोल पुरावे, आणि त्या जागी गुरे चारू नयेत. जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका येताच ग्राम अधिकारी अथवा ग्रामपंचायतीस कळविणे मालकावर बंधनकारक आहे. पूर्वी रोग आढळलेल्या भागात दरवर्षी जनावरांना लस टोचून घेणे हिताचे.

मेलेल्या जनावराच्या कातड्याचे मोल गरीब कुटुंबाला कळते. पण त्या चार पैशांपेक्षा ते सोलणारा हात अधिक मोलाचा आहे, ही जाणीव शाळा आणि ग्रामसभा यांनी घरोघरी पोहोचविली पाहिजे.